‘क्वांटम’ म्हणणाऱ्याला विचारा : किती अंशांवर?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाला उणे १९६ अंश सेल्सिअस ही थंडी नवी नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा डॉक्टर मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर लावून गोठ्यावर येतो. झाकण उघडले की पांढरी वाफ बाहेर पडते. आत द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवलेल्या बारीक नळकांड्यांमध्ये वळूचे वीर्य वर्षानुवर्षे टिकते. राहाता, संगमनेर, राहुरीच्या गोठ्यांत ही थंडी रोजच्या वापरातली आहे आणि तिच्याविषयी कोणी चमत्काराची भाषा करत नाही.

चमत्काराची भाषा होते ती दुसरीकडे. राज्यात सगळीकडे होते तशी या जिल्ह्यातही. मोबाइलवरच्या चित्रफितींतून, ओळखीतल्या माणसांनी घरी येऊन केलेल्या ‘प्रात्यक्षिका’तून गळ्यात घालायची पदके, मनगटातली कडी, पाण्याच्या तांब्याखाली ठेवायच्या चकत्या विकल्या जातात. त्या म्हणे ‘क्वांटम ऊर्जे’वर चालतात, शरीरातले इलेक्ट्रॉन ‘एका लयीत’ आणतात, आणि त्यामुळे गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्याला उतार पडतो. किंमत काही हजारांत असते. खरा तोटा मात्र पैशांच्या पलीकडचा. पदक गळ्यात आले की साखरेची गोळी बंद होते, रक्तदाबाची तपासणी पुढे ढकलली जाते. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पायाची जखम चिघळून आलेला मधुमेही दिसतो, तेव्हा त्यामागे कधी गरिबी असते, कधी हयगय, आणि कधी असा एखादा भरवसा.

या विक्रेत्यांनी उचललेले शब्द खोटे नाहीत, हीच यातली मेख. क्वांटम, ऊर्जा, इलेक्ट्रॉनांची सुसंगती हे भौतिकशास्त्रातले खरे शब्द आहेत. काही पदार्थांत इलेक्ट्रॉन खरोखरच एका लयीत येतात. त्या पदार्थांना ‘जड फर्मियॉन’ पदार्थ म्हणतात आणि त्यांचा अभ्यास जगभर गेली पन्नास वर्षे चालू आहे, मुंबईच्या कुलाब्यातही. तो थोडा समजून घेतला तर पदक विकणाऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा हे कळते.

साध्या तांब्याच्या तारेपासून सुरुवात करू. तार थंड केली की तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो, कारण अणूंची थरथर कमी होते आणि इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी मिळते. १९३४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेन येथे सोन्याच्या नमुन्यात उलटे दिसले. थंड करत गेल्यावर विरोध आधी घटला आणि मग पुन्हा वाढू लागला. याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. १९६४ मध्ये जपानच्या जून कोंडो यांनी दाखवले की धातूत लोखंडासारखे चुंबकीय अणू अगदी थोडे मिसळलेले असले तरी वाहते इलेक्ट्रॉन त्यांच्याशी अडखळतात आणि थंडी वाढेल तसे हे अडखळणे वाढते. ज्या तापमानाच्या आसपास हा परिणाम जोर धरतो, त्याला कोंडो तापमान म्हणतात.

आता चुंबकीय अणू चुकून मिसळलेले नसून ठरावीक अंतरावर ओळीने मांडलेले असतील तर? सिरियम, यटर्बियम किंवा युरेनियम असलेल्या काही स्फटिकांत असेच असते. अशा स्फटिकात तापमान जास्त असताना प्रत्येक सिरियम अणू स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉनांना अडवतो. पुरेसे थंड केले की चित्र पालटते. सगळे अणू मिळून एकाच शिस्तीत वागू लागतात, विरोध झपाट्याने घसरतो. सिरियमच्या अणूत अडकून बसलेला इलेक्ट्रॉनही वाहत्या इलेक्ट्रॉनांच्या मेळ्यात सामील होतो. हीच ती सुसंगती.

मेळ्यात सामील झालेले हे इलेक्ट्रॉन मात्र कमालीचे जड वागतात. पावसाळ्यात काळ्या रानातून चालणाऱ्याला हे सहज समजेल. चार पावले टाकली की चपलेला चिखलाचा लगदा चिकटतो आणि पाय उचलवत नाही. माणसाचे वजन वाढलेले नसते, पण रानातून चालताना तो वाढल्यासारखाच चालतो. इलेक्ट्रॉनालाही भोवतालच्या अणूंशी चाललेली देवघेव अशीच चिकटून असते. १९७५ मध्ये सिरियम आणि ॲल्युमिनियमच्या एका संयुगाची उष्णता धारण करण्याची क्षमता एक केल्विनच्या खाली मोजली गेली. तिच्यावरून तिथले इलेक्ट्रॉन नेहमीच्या धातूंतल्यापेक्षा शेकडो ते हजारपट जड असल्यासारखे वागतात असे दिसले. इलेक्ट्रॉन ज्या कणांच्या कुळात मोडतो त्याला फर्मियॉन म्हणतात, म्हणून हे ‘जड फर्मियॉन’.

इथे केल्विन म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हा थंडीचा तळ. त्याला शून्य केल्विन म्हणतात आणि तिथून वर मोजतात. निरोगी माणसाचे शरीर ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१० केल्विनवर असते. गोठ्यावर येणारा द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनवर. नगर, लोणी किंवा पुण्याला ज्या एमआरआय यंत्रात रुग्णाला सरकवतात, त्याच्या चुंबकाभोवतीचा द्रवरूप हेलियम सुमारे ४.२ केल्विनवर. अंगात ताप ३७ वरून ४० अंशांवर गेला की घरातली माणसे घाबरतात, पण केल्विनच्या मापात ती वाढ ३१० वरून ३१३, म्हणजे एक टक्का. जड फर्मियॉनांच्या राज्यात तीन अंश म्हणजे सगळे राज्यच असू शकते.

कारण तिथले व्यवहार फार छोट्या ऊर्जेचे असतात. एका बाजूला कोंडो परिणाम असतो, जो प्रत्येक चुंबकीय अणूला वाहत्या इलेक्ट्रॉनांनी झाकून शांत करू पाहतो. दुसऱ्या बाजूला शेजारशेजारचे अणू वाहत्या इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांना निरोप धाडतात आणि चुंबकीय शिस्तीत उभे राहू पाहतात. या दोन ओढींत कोण वरचढ ठरेल त्यावर पदार्थ चुंबक होणार की जड इलेक्ट्रॉनांचा धातू, हे ठरते, असे १९७७ मध्ये सेबॅस्टियन डोनियाक यांनी मांडले. दोन्ही ओढींचे बळ तापमानाच्या भाषेत सांगितले तर बहुतेक अशा पदार्थांत ते काही केल्विन ते काही दशक केल्विन इतकेच भरते. त्यापेक्षा उष्णता जास्त झाली की सुसंगती विस्कटते.

शाळेच्या मैदानावर शंभर मुले लेझीम खेळत आहेत असे समजा. हलगीचा ठेका ऐकू येतो तोवर शंभर लेझिमांचा एकच आवाज निघतो. शेजारी डीजेची भिंत लावली की हलगी वाजतच राहते, पण मुलांना ऐकू येत नाही आणि ठेका तुटतो. उष्णता ही अशी डीजेची भिंत आहे. इलेक्ट्रॉनांची लय टिकणार की नाही, हे हलगीचा आवाज मोठा की डीजेचा, यावर ठरते. ऊर्जेच्या मापनपट्टीचा अर्थ इतकाच.

ही मापे किती खाली जातात, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या पदार्थांवर अनेक दशके काम झाले आहे. १९९४ मध्ये तिथल्या गटाने यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता, म्हणजे विरोधाविना वीज वाहणे, सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यातून पदार्थांचे एक नवे कुटुंबच अभ्यासाला मिळाले. त्या कुटुंबातला यटर्बियमचा पदार्थ पुढे जड फर्मियॉन निघाला. २०१६ मध्ये याच संस्थेच्या एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ या धातूच्या शुद्ध स्फटिकात अतिवाहकता दाखवली. त्यासाठी त्यांना ०.०००५३ केल्विनपर्यंत उतरावे लागले. बिस्मथ जड फर्मियॉनांच्या अगदी उलट टोकाचा. त्यात सुमारे एक लाख अणूंमागे एकच वाहता इलेक्ट्रॉन असतो. पण धडा तोच. इलेक्ट्रॉनांची ही लय इतकी नाजूक होती की तिच्यासाठी थंडीचा जवळजवळ तळ गाठावा लागला.

यावरून कोणी म्हणेल, मग उबदार शरीरात क्वांटम काहीच नसते. तसे म्हणणेही चूक ठरेल. शरीरातला प्रत्येक रासायनिक बंध क्वांटम नियमांनीच बांधलेला आहे. दोन कार्बन अणूंमधला बंध तोडायला लागणारी ऊर्जा तापमानाच्या भाषेत मांडली तर चाळीस हजार केल्विनच्या घरात जाते. ३१० केल्विनच्या उष्णतेला तो दाद देत नाही, म्हणून माणूस विरघळून जात नाही. तिथे हलगी डीजेपेक्षा शंभरपट मोठी आहे.

एमआरआय हेही क्वांटम यंत्रच, आणि ते जिवंत, उबदार शरीरावर चालते. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांना, म्हणजे प्रोटॉनांना, ते बलवान चुंबकाने एका दिशेला वळवू पाहते. पण १.५ टेस्लाच्या चुंबकाची ही ओढ एक केल्विनच्या शेकडोव्या भागाहूनही दुबळी असते. त्यामुळे ३१० केल्विनच्या उष्णतेपुढे दर दहा लाख प्रोटॉनांमागे साधारण पाचांचीच चुंबकाकडे जास्तीची भर पडते. बाकीचे एकमेकांना खोडून काढतात. शरीरात प्रोटॉन अगणित आहेत आणि चुंबक प्रचंड आहे, म्हणून त्या पाचांच्या आवाजावरून मेंदूची गाठ दिसते. खरे क्वांटम यंत्र आपला दुबळेपणा आकड्यात सांगते आणि त्यावर मात कशी केली तेही सांगते.

पदक विकणारा हे सांगत नाही. त्याचा दावा आहे की खडूच्या तुकड्याएवढी वस्तू छातीवर टेकवून शरीरातले इलेक्ट्रॉन सुसंगत होतात. कोणते इलेक्ट्रॉन? कोणत्या ओढीने? ती ओढ किती केल्विनची? आणि ३१० केल्विनच्या डीजेपुढे ती टिकते कशी? पाण्याला ‘स्मरणशक्ती’ देणाऱ्या चकतीचेही तेच. पाण्याच्या रेणूंमधले दुवे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नवे जुळतात. तांब्याखाली ठेवलेल्या चकतीने त्यांना लावलेली कथित शिस्त तांब्या ओठांपर्यंत जाईतो कशी टिकेल, याला उत्तर नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नव्या शोधाला सुरुवातीला सगळेच हसतात, मग विज्ञान समजणाऱ्यांनी इतका हट्ट कशाला धरावा? जड फर्मियॉनांच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. १९७९ मध्ये जर्मनीतल्या फ्रांक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांनी सिरियम, तांबे आणि सिलिकॉनच्या संयुगात सुमारे अर्ध्या केल्विनला अतिवाहकता सापडल्याचे जाहीर केले. चुंबकीय अणू अतिवाहकता मोडतात, हे तेव्हाचे पक्के ज्ञान. इथे तर चुंबकीय सिरियम ओळीने बसलेला. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. श्टेग्लिश यांनी तापमान सांगितले, नमुना कसा बनवला ते सांगितले. सिरियमच्या जागी चुंबकीय नसलेले लँथॅनम घातले तर अतिवाहकता दिसत नाही, हेही दाखवले. दुसऱ्यांना करून पाहता येईल असे सगळे मांडले. पुढच्या काही वर्षांत युरेनियमच्या पदार्थांतही असेच आढळले आणि शंका मागे पडली. हसणाऱ्यांना त्यांनी तापमापीने उत्तर दिले. पदक विकणारा समाधानी ग्राहकाची चित्रफीत दाखवतो.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. घातले पदक, वाटले बरे, तर कोणाचे काय बिघडले? बरे वाटणे खोटे नसते. विश्वासाने दुखणे काही काळ कमी जाणवते, झोप लागते. पण विश्वासाने क्षयाचे जंतू मरत नाहीत आणि वाढलेली साखर डोळ्यांच्या पडद्याला लागायची थांबत नाही. शिवाय काही पदके निरुपद्रवीही नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचे जाहीर केले. त्यांत गळ्यातली पदके, कडी आणि लहान मुलांसाठीचे एक कडेही होते. त्या वापरणे ताबडतोब थांबवा, असे लोकांना सांगण्यात आले. किरणांचे प्रमाण कमी असले तरी वस्तू रात्रंदिवस कातडीला चिकटून राहते, हा त्यातला धोका. अशा काही पदकांत थोरियम असलेली खनिजांची भुकटी मिसळलेली असल्याचे तपासण्यांत दिसले आहे. थोरियमचे नेहमीचे खनिज म्हणजे मोनाझाइट, आपल्याकडे केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मिळणारे. गंमत अशी की जड फर्मियॉन पदार्थांतला सिरियमही याच मोनाझाइटमधून काढतात. खनिज एकच. प्रयोगशाळेत ते शुद्ध करून, मोजून वापरले जाते, पदकात न मोजता गळ्यात बांधले जाते.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. ‘जादुई उपाय’ या शब्दांत त्याने तावीज, मंत्र आणि कवच यांचा स्पष्ट समावेश केला आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात त्याखाली गुन्हा ठरते. क्वांटम पदक हे नव्या वेष्टनातले कवचच आहे. ते तसेच मानले गेले पाहिजे आणि अन्न व औषध प्रशासनाने मोबाइलवरच्या जाहिरातींकडे दुकानाच्या पाटीइतकेच लक्ष दिले पाहिजे.

पण नुसत्या कायद्याने हे थांबणार नाही. विक्रेता घरी येऊन तासभर बसतो, दुखणे ऐकतो, नातवाची चौकशी करतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात आणि गोळी जन्मभर का घ्यायची हे सांगायला कोणाला सवड नसते. ती पोकळी पदक भरून काढते. जिल्ह्याला याचे उत्तर ठाऊक नाही असे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या कामात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. आजाराचे कारण त्यांनी शेजारणीच्या भाषेत समजावले आणि अंधश्रद्धांचे बरेचसे बळ तिथेच ओसरले. आज आशा सेविका घरोघर जातातच. ‘गोळी का’ आणि ‘पदक का नाही’ हे दोन संवाद त्यांच्या प्रशिक्षणात घालणे फार खर्चाचे नाही.

शाळांनीही आपला वाटा उचलावा. केल्विनचे सूत्र परीक्षेपुरते पाठ होते. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा आणि दोन गुण घ्या. त्याऐवजी शिक्षकाने मुलांना नायट्रोजनचा कंटेनर, एमआरआयचे चुंबक आणि कुलाब्याची प्रयोगशाळा अशी थंडीची उतरंड फळ्यावर काढून दाखवावी आणि तिच्या शेंड्यावर माणसाचे शरीर लिहावे. कोणती गोष्ट कुठल्या मडक्यात टिकते, हे ज्या मुलीला एकदा कळले, ती घरी आलेल्या विक्रेत्याला गप्प करील.

मूलभूत संशोधनावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांसाठीही यात उत्तर आहे. १९११ मध्ये लायडेनला हाइक कामर्लिंग ओनस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड करून अतिवाहकता पाहिली, तेव्हा रुग्णालयाचा त्यात काही संबंध नव्हता. सत्तर वर्षांनी त्याच गुणावर एमआरआयची चुंबके चालू लागली. जड फर्मियॉनांतून उद्या काय निघेल ते आज सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण त्या संशोधनाचा एक लाभ आजच हाती आहे, तो म्हणजे मोजण्याची सवय.

म्हणून यापुढे कोणी ‘क्वांटम’ म्हणत दारात आला तर वाद घालू नये, हसूही नये. चार प्रश्न विचारावेत. हे किती अंशांवर घडते? कशाने मोजले? दुसऱ्या कोणी करून पाहिले? आणि तुमचे चुकत असेल तर ते कशावरून कळेल? उत्तर येईपर्यंत साखरेची गोळी चालू ठेवावी, आणि घरात असे पदक आधीच असेल तर ते न फोडता, न उगाळता अंगावरून काढून मुलांच्या हाती लागणार नाही असे बाजूला ठेवावे.